मेंढरांसाठी राखलेलं गवत

९ ऑक्टोबर २०१६

रामकिसन तणनाशकाचा डबा घेऊन आला! मी म्हणलं, आधी तो दुकानात परत दे. पोरगं म्हणतंय, "आई, रान माजलंय, साप निघंल." निघू दे. अंगणातल्या फरश्यांच्या फटीतलं तण मी उकळतं पाणी ओतून मारते. तुळशीभोवती जुने पुठ्ठे अंथरलेत, खाली एक काडी उगवत नाय. पण घराच्या बाजूच्या मोकळ्या तुकड्यातल्या गवताला कुणी हात लावायचा नाय. ते माझ्या भावाच्या मेंढरांचं आहे.

सून तोंड फिरवून हसली. हसू दे.

१० ऑक्टोबर

झोप नाय. गारखेड्यात घर बांधलं तेव्हापासून आप्पाला बोलावते. दरवेळी एकच — "आक्के, मेंढरं कुणावर सोडू?" बायको गेल्यापासून तर पैठणकडं धरणाच्या काठानं एकटाच हिंडतो. ताप आला तर घोटभर पाणी कोण देणार? म्हणून औंदा मीच डाव टाकला. फोनवर म्हणलं, मेंढरं घेऊनच ये, चारा इथं तयार आहे. मग म्हणला, "हराळी हाय का? केना हाय का?" आहे की, गुडघ्याएवढं. "बरं. दिवाळी झाली की येतो."

एकदा आला की सोडणार नाय त्याला. मागची खोली रिकामीच पडलीय.

१४ ऑक्टोबर

हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून गाजर गवत मुळासकट उपटलं. फुलावर यायच्या आत काढलं की बी पडत नाय. अन् मेंढराच्या पोटात ते नकोच. कंबर धरलीय.

१५ ऑक्टोबर

आप्पाचा फोन लागत नाय.

१९ ऑक्टोबर

शेजारचे काकासाहेब फाटकात उभे. "ताई, डास लई झालेत. तुमचे भाऊ येणार कधी?" दिवाळीनंतर. "नक्की ना?" लई राग आला. आत येऊन भांडी आपटली. नक्की असतं तर मी दिवसभर फाटकापर्यंत हेलपाटे घातले असते का? सून म्हणली, आत्या, जरा बसा की. बसवत नाय, काय करू.

२३ ऑक्टोबर

घात झाला! दवाखान्यातनं आले तर कुंपणाच्या कडेला उग्र वास. काकासाहेबांनी त्यांच्याकडं औषध मारलं, ते उडून आपल्या गवतावर. "जरासंच आलं ओ ताई." जरासंच! मेंढरू काय चाखून बघतं का? ती कड सगळी कापून लांब टाकली. वरनं जुनी ताडपत्री अंथरून दगड ठेवले, म्हणजे कुठलंच तोंड तिथं जाणार नाय अन् खालचं अंधारात आपोआप मरंल. रामकिसन विळा घेऊन आला, माझ्यासंगं कापत बसला. पोरगं माझं वाईट नाय.

रातभर तोच वास नाकात.

२८ ऑक्टोबर

लागला एकदाचा फोन! म्हणलं, पाण्याचं टिपाड भरून ठेवू का? "ठेव," एवढंच म्हणला. तब्येत विचारली तर "बरी हाय." मागं मेंढरांचा आवाज काही आला नाय. चरायला लांब गेली असतील. बायपासच्या गाड्यांमधनं कळप कसा आणणार, ह्याचीच धास्ती. रामकिसनला म्हणलं, तू गाडी घेऊन पुढं जा, रस्ता अडव. तो व्हय म्हणला.

१ नोव्हेंबर

भाऊबीज. ताट केलं, झाकून ठेवलं. आज येईल असं उगंच वाटलं.

३ नोव्हेंबर

आप्पा आला. एकटा, एसटीनं. मी फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत बघते. म्हणलं, मेंढरं कुठंयत? "विकली आक्के. पोळ्याच्या आधीच. गुडघे साथ देईनात." अरे मग फोनवर सांगायचं की! "तू इतक्या हौसेनं गवत राखलंस. कसं सांगू?"

चहा पण घेतला नाय. बाजूच्या तुकड्यात गेला, गुडघ्यावर हात देत खाली बसला अन् गवत उपटायला लागला. मी अडवलं नाय.