तळहातावरचं सांगणं

माय,

आज चौथी वही अर्ध्यातच मिटून ठेवली. नातसुनेनं आणून दिली होती. "आजी, मनातलं लिहीत जावा, झोप लागंल," म्हणाली. चांगली जाडजूड वही, पानोपानी तारीख छापलेली. आठ दिवस नेमानं लिहिलं: उठले, गोळ्या घेतल्या, पालमच्या बाजारातून मेथी आणवली, गुडघा दुखला. नवव्या दिवशी वाचून बघितलं तर कुणा परक्या बाईची हकीकत वाटली, आणि बाई फारच कंटाळवाणी होती. त्याआधीच्या वहीत मी निबंध लिहीत होते, रोज एक सूर्योदय आणि शेवटी एक बोध. एवढे सूर्योदय मी जन्मात बघितले नाहीत. त्याच्याही आधीच्या दोन वह्यांत नुसत्या याद्या आहेत. दमले गं माय. एक गोष्ट लिहून मोकळं व्हायचं म्हणून एवढी पानं काळी केली, आणि तीच कुठल्या वहीत उतरत नाही. म्हणून आज तारीख घालत नाही. तुझ्याशीच बोलते.

तुला अक्षर येत नव्हतं, पण दिवस मांडून ठेवायची तुझी एक रीत होती. ताडकळसच्या घरात अंघोळ झाली की तू चुलीच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसायचीस. गळ्यातली चांदीची डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचीस. पाणी, भस्म, बेलाचं पान. लिंगपूजा घरात सगळेच करायचे, अप्पा तर दुकान उघडायच्या घाईत चटकन उरकायचे. तुझं मात्र पूजा संपल्यावर सुरू व्हायचं. तळहात तोंडाशी नेऊन तू त्याला कालचा दिवस सांगायचीस. मागणं नाही, गाऱ्हाणं नाही. "काल वरण करपलं. पोरीकडं बघत बसले, चूक माझीच. सासूबाईंनी एक भाकर कमी खाल्ली. राग आलाय का पोट दुखायलंय, कळंना." मी तिथंच सुपात ज्वारी निवडत बसलेली असायचे. माझ्यापुढं तू कधी आवाज कमी केला नाहीस. एकदा आजीनं दारातून विचारलं, पोरीच्या देखत काय पुटपुटायलीस, तर तू म्हणालीस, "तिनं ऐकलेलं इथंच ऱ्हातंय." मला तेव्हा किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

मी अकरा-बारा वर्षांची असताना मामानं मला पहिली वही दिली. तुझा धाकटा भाऊ, पूर्णेला रेल्वेत तारा घ्यायच्या कामावर होता. दिवसभर कचेरीत उर्दू लिहायचा आणि घरी आल्यावर मराठीत रोजनामचा. वर निजामाच्या कचेरीत चालायची ती फसली सनाची तारीख, मग हवा, मग गाड्या. "चार ओळी बास," तो म्हणाला, "पर रोज." अप्पांनी दुकानातल्या पाटीवर शिकवलेल्या अक्षरांत मी सुरुवात केली. सहाला उठले. ऊन. भाकर खाल्ली. चौथ्या दिवशी लिहायला काही उरलं नाही. मग मी सकाळी ऐकलेलं तुझं बोलणं लिहून बघितलं आणि पानं भराभरा भरली. तुझ्या बोलण्यात चुलीचा धूर होता, आजीचं खोकणं होतं, सगळं घर होतं. मला वाटायला लागलं की हे मीच लिहिते आहे.

त्या बाजारच्या दिवशी मामा आला आहे. अप्पा, आजी आणि तो पानावर बसलेत, तू भाकरी थापते आहेस. मामाच्या मांडीवर माझी वही. "अक्का, पोरगी काय लिवायलीय बघ!" म्हणत तो करपलेल्या वरणाचं मोठ्यानं वाचतो. अप्पा हसतात, आजीसुद्धा हसते. तो कौतुकानं पुढं कोपरा दुमडलेलं एक पान उघडतो आणि त्याच सुरात वाचत जातो: "थोरली लेक तापली तवा परभणीच्या दवाखान्यात न्यायचं मी म्हणले. सासूबाई म्हणल्या, अंगारा लाव, उतरंल. लेकरू गेलं. त्यांना मी रोज गरम भाकर वाढते, पर माफ केलं न्हाई." शेवटाला त्याचा आवाज बसला, पण वाचून झालं होतं. आजीनं हातातला घास ताटात ठेवला. अप्पा खाली बघत राहिले. तू पिठाच्या हातानंच उठलीस. "पोरीची वही चोरून वाचतूस? माझ्या घरात?" मामानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चुकलं, अक्का." तू म्हणालीस, "ह्या घराचा उंबरा परत चढू नको." मला तू मारलं नाहीस. संध्याकाळी भांडी घासताना एवढंच म्हणालीस, "माझ्या हातावरचं उचललंस गं."

दुसऱ्या दिवशी पूजेला बसलीस तेव्हा ओठ मिटलेले होते. त्यानंतर कधी हलले नाहीत. माणूस बोलायचं थांबलं की घर किती मोठं वाटतं, ते मी त्या वयात शिकले. आजीनं पुन्हा गरम भाकर मागितली नाही. पुढच्या बाजारात तू मला कोरी वही आणून दिलीस. "ह्यात तुझं लिव. माझं सांगून झालं." मी ती पेटीच्या तळाशी टाकली. दर पंचमीला मामा लुगडं पाठवायचा आणि तू ते आल्या माणसाच्या हाती परत धाडायचीस. अंगणात बायका झोका घ्यायच्या, माहेरची गाणी म्हणायच्या, तेव्हा तू आत डाळ निवडत बसायचीस.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी तू अंथरूण धरलंस. पूर्णा चार-पाच कोसांवर. मी विचारलं, "मामाला बोलवू का?" तू भिंतीकडे तोंड केलंस. "नको. पोरीची वही चोरणारा भाऊ कशाला?" दोन दिवसांनी आपल्या रीतीप्रमाणे तुला बसवूनच पुरलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. मामा आला तो लांब बाभळीखाली उभा राहिला. माती द्यायला सगळ्यांच्या मागून आला.

पुढं मामाही वारला, तेव्हा त्याचे रोजनामचे माझ्याकडे आले. मी त्या दिवसाचं पान शोधून काढलं. वर फसली तारीख, खाली तीन ओळी: "ऊन. गाडीला उशीर. अक्काकडे गेलो, चूक माझी." मी ते कितीदा वाचलं असेल. स्वतःच्या वहीतसुद्धा तो खरं बोलला नाही, माझ्यासाठी. त्याची रीत मला जमली नाही, निबंधाची जमली नाही. मला कळायला इतकी वर्षं लागली की ऐकणारं कुणी समोर असल्याशिवाय माझ्या तोंडून खरं निघतच नाही. तुझ्यासारखीच आहे मी त्या बाबतीत, पण तुला खोटं सांगावं लागत नव्हतं.

हे पान तू दिलेल्या वहीतलं पहिलं. कागद पिवळा पडलाय, शाई फुटते. कुठं पाठवणार? लिहून झालं की परत पेटीत ठेवीन. तिथं तू बसलेली आहेस, तळहात उघडा आहे, एवढंच मनाशी धरून सांगते. मामानं वही चोरली नव्हती, माय. मी स्वतः नेऊन त्याच्या हातात दिली होती. थोरलीच्या पानाचा कोपरासुद्धा मीच दुमडला होता, कारण ते सगळ्यात छान उतरलं होतं आणि मला शाबासकी हवी होती. त्यानं माझ्याकडे बघितलं तेव्हा मी खाली बघितलं. आणि तू "नको" म्हणालीस तेव्हाही मी तुझ्या उशाशी गप्प बसून राहिले.