ग्रह आला नाही, माय

माय, आज आठवीच्या वर्गात एका पोरीनं मला विचारलं, "मॅडम, सूर्याच्या मागं एक ग्रह लपलेला आहे आणि तो पृथ्वीवर येऊन आदळणार, हे खरं का?" मोबाईलवर कुठंतरी बघितलं होतं तिनं. वर्ग हसला. मी फळ्यावर सूर्यमाला काढली. असा ग्रह लपून राहू शकत नाही, दुर्बिणींना तो कधीच दिसला असता, सगळं नीट समजावून सांगितलं. पोरगी समाधानानं खाली बसली, पण मला पुढचा धडा घेता येईना. खडू हातात तसाच राहिला आणि शिरड शहापूरचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं.

दुर्बिणीची गोष्ट मी तुला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी परभणीला कॉलेजात होते. बाबा नुकतेच गेले होते. सुट्टीत घरी आले होते मी. तू चुलीपुढं भाकरी थापते आहेस आणि दादा भिंतीला टेकून, मान एका बाजूला टाकून, भाकरी फुगायची वाट बघतो आहे. फुगली की तो टाळ्या वाजवायचा. माझ्याहून मोठा, मिशा आलेला, पण घास तूच भरवायचीस. जन्मल्यावर तो लवकर रडला नाही, तिथंच सगळं अडलं, एवढंच डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं. नांदेडचे दवाखाने झाले, औरंगाबाद झालं, औंढ्याला नागनाथाचा अभिषेक झाला. मग तू फिरणं सोडून दिलंस. त्या दिवशी मी तुला रंगवून सांगत होते, की अवकाशात एक मोठी दुर्बीण सोडली आहे, तिचा आरसाच बनवताना चुकला होता, सगळं धुरकट दिसायचं. मग माणसं वर गेली आणि तिथंच अधांतरी राहून त्यांनी तिची नजर ठीक केली. तुझा हात परातीत थांबला.

"वर जाऊन?"

"व्हय, वर जाऊन."

तू दादाकडं बघितलंस. "लोखंडाकाचेचं नीट करता येतं, बाई," म्हणालीस आणि तव्यावरची भाकरी उलटवलीस. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मी पुढची गोष्ट सांगत राहिले.

नंतर माझं लग्न झालं, हिंगोलीत शाळा मिळाली. आपल्या गावात केबल आली आणि शेजारच्या काकूंच्या घरी दुपारभर टीव्ही चालू राहायला लागला. एका हिंदी चॅनलवर लाल गोळा फिरायचा, मागं ढोल वाजायचे आणि एक माणूस ओरडून सांगायचा की लपलेला ग्रह येतो आहे, प्रलय होणार. तारीखही सांगून टाकली होती. गावात कोणी चेष्टा करायचं, कोणी मारुतीला नारळ फोडायचं. तू काकूंच्या फोनवरून मला फोन केलास. "त्या दिवशी घरी ये. जावायाला बी आन." त्यांना कामावरून सुट्टी मिळाली नाही. मी एकटीच आले. उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि मनात हेच की तुझी भीती घालवावी.

मी आले तर घरात सणासारखं. पुरण शिजलेलं, दादाला न्हाऊ घातलेलं, डोक्याला तेल, अंगात कोरा सदरा. मला राग आला. "माय, तू बी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतीस? एवढा मोठा ग्रह येऊन राहिला असता तर आतापर्यंत नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. वर दुर्बिणी फिरून राहिल्या, त्यांना काहून दिसला न्हाई?"

तू शांतपणे ऐकून घेतलंस. "त्या दुर्बिणीला आपलं घर दिसतं का गं?"

"नाही. ती दूरचं बघते."

"मंग ऱ्हाऊ दे. जेव."

आपण तिघं जेवलो. तू दादाला पोटभर भरवलंस, त्याच्या पोळीवर तुपाची धार धरलीस, आणि मलाही एक घास भरवलास. लग्न झालेल्या लेकीला! मी लाजले. दुपार कलली, गुरं परत आली. शेजारी टीव्हीवर आता क्रिकेट लागलं होतं. बाहेर ओट्यावर माणसं हसत होती, नारळ फोडणाऱ्यांची थट्टा चालली होती. मीही हसतच आत आले. "बघ, झालं का काही?"

दादा तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. तू त्याच्या सदऱ्याची गुंडी उगीच लावत-काढत बसली होतीस.

"न्हाई झालं," म्हणालीस. मग गुंडी लावून टाकत, "मला वाटलं व्हतं, सगळे संगंच जाऊ. कोणी कोणाच्या मागं ऱ्हायचं न्हाई." आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "आता याचं कसं?"

मी दारातच उभी राहिले. मला वाटत होतं तू घाबरली आहेस. तू तर त्या दिवसाची वाट बघत होतीस. सारं गाव सुटकेचा श्वास टाकत होतं आणि आपल्या घरात तू एकटी त्या न आलेल्या ग्रहासाठी रडत होतीस.

"माझ्याकडं राहील दादा," मी म्हणाले.

"गप बस." तुझा आवाज एकदम चढला. "तुला सासर हाय. लेकीच्या घरी भावाला कोणी ठेवत असतं का? पुन्यांदा असं बोलू नको." तू मला तशी कधी रागावली नव्हतीस. त्यानंतर तो विषय तू काढला नाहीस, मलाही काढू दिला नाहीस.

दोन पावसाळ्यांनंतर तू गेलीस. तेरावं झालं आणि मी दादाला जीपमध्ये बसवून हिंगोलीला आणलं. यांनी दारातच त्याचा हात धरून त्याला आत नेलं. सासूबाई वर्षभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग एकदा मी शाळेतून आले तर त्या अंगणात बसून त्याची नखं कापत होत्या. तुझं लेकरू उपाशी राहिलं नाही, माय. पण तो दारापाशी बसून रस्त्याकडं बघायचा. माझी भाकरी फुगली तरी त्यानं कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी थोडे दिवस वाट बघितली, मग भाकरी फुगली की त्याच्याकडं बघणं सोडलं.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. माझी मुलं पुण्याला नोकरीला लागली. मला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि एक दिवस जिन्यात चक्कर आली. पडता पडता मनात यांचं नाव आलं नाही, मुलांचं आलं नाही. आलं ते एवढंच, याचं कसं? त्या दिवसापासून तुझी भीती माझ्या घरात राहायला आली. मुलं म्हणायची, आई, आम्ही आहोत ना. मी हो म्हणायचे.

या हिवाळ्यात दादाच्या छातीत कफ भरला. नांदेडला नेलं. सकाळी, उजाडल्यावर, माझा हात हातात असतानाच तो गेला. भेटायला आलेले म्हणत होते, सुटला बिचारा. मी रडले, खूप रडले. ते सगळ्यांनी बघितलं.

जे कोणी बघितलं नाही ते तुलाच सांगते. नर्सनं त्याच्या तोंडावर चादर ओढली तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, बरं झालं, माझ्या आधी गेला. आणि अंगावरचं ओझं उतरावं तशी मी भिंतीला टेकून खाली बसले. हे मी यांनाही सांगितलेलं नाही.