कायमचा पत्ता

देवास, ऑगस्ट २००४, मंगळवार

सुनंदाचा अर्ज नामंजूर झाला. बालगृहाच्या अधीक्षिका जोशीबाईंनी संध्याकाळी फोनवर कळवले. कारण एकच, कायमचा पत्ता.

ती त्याच बालगृहात वाढली. आता नव्या मुलींना धीर देणारी ‘दीदी’ म्हणून तिथेच नोकरी मागते आहे. पत्त्याच्या रकान्यात तिने बालगृहच लिहिले. दुसरे काय लिहिणार? भाड्याची खोली दर वर्षी बदलते.

दुपारी अर्ज देताना सरकारी कार्यालयाच्या खिडकीशी मी तिच्याबरोबर होते. खिडकीतले बाबू म्हणाले, “बेन, ये तो सरकारी इमारत है. घर का पता लिखो.”

“भिया, चौदह बरस वहीं सोई हूँ. आप दफ्तर में कितना सोते हो?”

मागची रांग हसली. बाबू नाही.

मी म्हटले, माझा पत्ता लिही. “नको काकू. मी तिथली आहे म्हणूनच तर हे काम मागतेय.” तेव्हा स्वतःचाच राग आला. इतकी वर्षे बातम्या लिहून मीही सोपी पळवाट सुचवावी?

गेल्या महिन्यात गंधवानीहून एक लहान मुलगी बालगृहात आली. निजतानाही चप्पल काढेना. सगळ्या रागावल्या. भेटायला गेलेली सुनंदा चप्पल घालूनच तिच्याशेजारी आडवी झाली. हे कोणत्या पदवीत शिकवतात?

पत्ता बदलायचा नाही. उद्या अकराला आम्ही दोघी त्या कार्यालयाच्या साहेबांकडे जाणार. जोशीबाईही येतील. नकार कारणासकट लेखी मागू. साहेब बहुधा परवा या म्हणतील. आम्ही उठणार नाही.