दाराची आतली बाजू

दुर्गाघाट, सोमवार, ५ सप्टेंबर १९९४

चुलीशेजारच्या कपाटाचं दार आज पुन्हा लागलं नाही. वरचा कोपरा बोटभर बाहेर. दोन वर्षांत दार वाकतं म्हणजे मिस्त्रीनं ओलं लाकूडच घातलं असणार. गल्लीभर तसं सांगूनही झालं माझं.

संध्याकाळी त्याला बोलावलं. त्यानं दाराच्या आतून हात फिरवला. "बहूजी, बाहर पॉलिश, अंदर कोरी लकड़ी. भाप अंदर से पिएगी, तो टेढ़ी होगी ही. मैं तो दोनों तरफ लगा रहा था. मना किसने किया?"

आत नैवेद्याची भांडी असतात. लाखेचं पॉलिश किड्यांपासून बनलेलं, ते सोवळ्यात कसं चालेल? पण तोंडातून निघालं, "सासूबाईंनी."

त्या तिथंच तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. मना मीच केलं होतं. त्या तर 'लावू दे गं' म्हणाल्या होत्या. विसरल्या असतील? तांदूळ निवडणारा हात मात्र थांबला होता. मी पाहिलंय.

मिस्त्री गेल्यावर त्यांनी उठून तो वाकलेला कोपरा दाबून पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "आतूनही लावून घे आता. कुणी विचारलं, तर माझंच नाव सांग."