शुभ्राची एका शब्दाची भूमिका

ती. बाबांना इकडे आखातातून, करामाहून अनूचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत, काळजी करू नका. गुडघ्याला तेल लावता ना, की बाटली नुसती उशाशी ठेवलीय?

शुभ्राच्या शाळेत एका जुन्या इंग्रजी कादंबरीतल्या खटल्याचं नाटक बसवतायत. आरोपी निर्दोष आहे हे कोर्टात सगळ्यांना कळतं, तरी तो काळा म्हणून त्याला शिक्षा होते. शुभ्रा ज्युरीत आहे. तिला एकच शब्द आहे, "गिल्टी". दिवसभर घरात तोच चालू असतो. तुम्ही तीस वर्षं कोर्टात शिरस्तेदार होतात, म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. आईला सांगू नका.

मागे आपल्या वेदांगची सायकल लॉबीतून नाहीशी झाली. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या नायजेरियन इमेकाचंच काम, त्याला काढा. सगळ्यांनी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. मीही टाकलं. मालकाने आठवड्यात त्याला खोली सोडायला लावली. जाताना लिफ्टपाशी तो नेहमीसारखाच "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाला.

नंतर सायकल पार्कात सापडली. वेदांगच तिथे विसरून आला होता. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. अजून लिफ्टचं दार उघडताना वाटतं, आत तोच उभा असेल.

काल शुभ्राने विचारलं, "आई, शुड आय शाउट इट?"

"नको," मी म्हटलं, "हळूच म्हण."

बाबा, मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

तुमचीच,
अनू