गाडीत दम नव्हता

राही,

मळ्यातनं आलीस की भाकरी खाऊन घे, माझी वाट बघू नगंस.

आज आपल्या ऋषिराजची जुनी गाडी बघितली. किक लय मऊ लागत हुती. प्लग काढून आत चमचाभर ऑईल सोडलं, तशी किक कडक झाली. म्हंजी पिस्टनच्या रिंगाच झिजल्यात, इंजिनात दाबच धरत न्हाई. गाडी वडणार कशी?

माझी आई गेली त्या दिवशी डॉक्टरला आणायला पोराला उशीर झाला. गाडी घाट चढंना म्हणला, तर मी चारचौघांत म्हणलो, "गाडीत न्हाई, तुझ्यातच दम न्हाई." तवापास्नं त्यो घरला आला न्हाई.

मी साताऱ्याला त्याच्याकडं निघालोय. त्याला आधी फोन करू नगंस. मी येतोय कळलं तर त्यो खोलीवर थांबायचा न्हाई.