डावीकडे, खाली

धाकट्या,

काल तुझ्या निरोपसमारंभात तू माइकवर म्हणालास, "माझी कच्ची बाजू दादानं रोज घोटून घेतली." टाळ्या पडल्या आणि मी निर्लज्जासारखे हात जोडले.

आता खरं ऐक. नऊ वर्षं संघाचा गोलकीपर तू, आणि बाकावरचा राखीव मी. तुला सराव देणं हेच माझं काम. डावीकडे खाली आलेला चेंडू तुला अडवता येत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून मी मुद्दाम तिथेच मारायचो. कोचच्या डोळ्यांदेखत तुझी फजिती व्हावी आणि गोलात मी उभं राहावं, एवढाच हेतू. तू मात्र सोललेली कोपरं झटकून म्हणायचास, "दादा, अजून दहा मार."

फायनलची शेवटची पेनल्टी तिथेच आली. तू असा काही झेपावलास की सगळ्यांत आधी बाकावरून मीच उडालो. त्या क्षणी मनात पाप नव्हतं रे, शपथ.

हे पत्र मात्र पाठवत नाही. काल निघताना मिठी मारून तू कानात म्हणालास ना, "कोच नसले की तू उजवीकडे मारायचास, दादा."

आणि हसलास.

तुझा,
बाकावरचा दादा